बारकोडचं हँडहेल्ड चालू केलं की मेनूच येऊन राहिला, काऊन?

वाडीचा_स्टोअरकीपर | शनिवार, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. नागपुरात अमरावती रोडला वाडीत आमचं ऑटो स्पेअरचं गोदाम आहे. मालक मी नाही, स्टोअर पाहतो. दोन वर्षांआधी शेठनं एका बंद पडलेल्या गोदामाचं सामान उचललं, त्यात ४ जुनी बारकोड टर्मिनल आली. पिस्तुलासारखी मूठ, ट्रिगर, रबरी बटणं आणि हाताच्या पंजाएवढी राखाडी स्क्रीन. डॉसवर चालतात, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीवर. आत एक छोटा प्रोग्राम आहे, तो नोंद घेतो आणि वायरलेसनं सर्व्हरला पाठवतो. मजबूत इतकी की पोरांनी मेझनाइनवरून दोनदा पाडली तरी बीप देऊन राहिली.

भानगड अशी की ३ नंबरची बॅटरी काल बदलली आणि चालू केल्यावर आपला प्रोग्राम यायच्या ऐवजी इंग्रजी मेनू आला. प्रोग्राम लोडर, रेडिओ, सिस्टम, तारीख-वेळ, सेल्फ टेस्ट, आणि सगळ्यात खाली इनिशियलाइझ. बाणाची बटणं सापडत नाहीत. ट्रिगर दाबला की नुसतं कुई करते. मागच्या आठवड्यातही असंच झालं होतं, तेव्हा काहीबाही दाबता दाबता प्रोग्राम सुरू झाला. पण त्या दिवशीच्या सगळ्या नोंदींवर तारीख पडली १ जानेवारी १९८०. शेठ म्हणतात, "मी तेव्हा तिसरीत होतो, माल कोणी पाठवला?"

याच्यावर कडी म्हणजे आमच्या एका पोरानं "पाहू तर कसा येतो मेनू" म्हणून १ नंबर दोन-तीन बटणं दाबून धरून चालू केलं. मेनू आला. आणि त्या शहाण्यानं इनिशियलाइझला "हो" म्हटलं. आता १ नंबर प्रोग्रामपर्यंत जाते, पण "कनेक्टिंग" म्हणून तिथंच बसते.

पुढच्या रविवारी स्टॉक मोजणी आहे. मुंबईचा दुरुस्तीवाला नुसतं येऊन पाहायचे जितके मागतो, तितक्यात शेठ नवीन रॅक घेतील. मेनूतून बाहेर कसं पडू?

---

संत्र्याची_फोड | शनिवार, रात्री ९.५८

पोळ्याच्या पाडव्याला इडापिडा घालवायला मारबतीचा पुतळा काढतो ना आपण, त्या मारबतीसोबत पाठवून द्या. "बॅटरी घेऊन जा, मेनू घेऊन जा गे मारबत!"

(हलकं घ्या भाऊ. जाणकार येतीलच.)

---

सोल्डरकाका | शनिवार, रात्री १०.३१

पहिली गोष्ट, उद्या सकाळपर्यंत कोणीही इनिशियलाइझ या शब्दाजवळ बोट नेऊ नये. त्या पोराला चहा आणायला पाठवा.

हिंगणा एमआयडीसीत माझं अर्धं आयुष्य हीच यंत्रं उघडण्यात गेलं. मेनू येतो म्हणजे प्रोसेसर, स्क्रीन आणि बटणं शाबूत आहेत. मेलेलं मशीन मेनू देत नाही.

तुमच्या दोन्ही मशीनवर मेनू एकच आला, म्हणून तुम्हाला आजार एकच वाटून राहिला. मला ते दोन वेगळे वाटतात. का, ते सांगतो.

या काळच्या बहुतेक टर्मिनलमध्ये तीन ठिकाणी गोष्टी साठतात. रॅममध्ये चालू काम, आणि तिच्यासोबत घड्याळ. यांना सतत वीज लागते. मोठी बॅटरी काढली की ती मिनिटं-दोन मिनिटं एक छोटा बॅकअप सेल सांभाळतो. दुसरी जागा ईईप्रॉम, तिथं रेडिओची नावं, आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) वगैरे सेटिंग. तिला वीज लागत नाही. तिसरी फ्लॅश, तिथं बहुतेक वेळा प्रोग्राम. तिलाही वीज लागत नाही.

मशीन चालू केलं की बूट रॉम, म्हणजे सगळ्यात आधी जागा होणारा आतला पक्का प्रोग्राम, आधी बॅटरी पाहतो. मग कोणी ठरावीक बटणं दाबून धरली आहेत का ते पाहतो. मग रॅमची बेरीज करून पाहतो की बंद होताना होती तशीच आहे का. जुळली तर जिथं सोडलं तिथून पुढं, त्याला आपण वॉर्म बूट म्हणतो. नाही जुळली तर रॅमवर त्याचा भरवसा राहत नाही, आणि तो मेनू दाखवून तुम्हालाच विचारतो.

आता १९८०. डॉसचं पंचांगच १ जानेवारी १९८० पासून सुरू होतं. घड्याळाची वीज तुटली की ते शून्यावर जातं आणि डॉस त्या शून्याला ती तारीख म्हणतो. बॅटरी बदलल्यावर मेनूही येतो आणि १९८० पण येतं, म्हणजे ३ नंबरचा बॅकअप सेल गेला. माझा ९० टक्के अंदाज.

१ नंबरचं वेगळं. तिथं पोरानं ईईप्रॉम पुसली. रेडिओला आता आपल्या गोदामाचं नावच माहीत नाही. प्रोग्रामपर्यंत जातं म्हणता, म्हणजे फ्लॅश वाचली. नशीब समजा.

दोन प्रश्न. ३ नंबर नुसतं बंद-चालू केलं, बॅटरी न काढता, तरी मेनू येतो का? येत असेल तर सेलचा दोष नाही, एखादं बटण चिकटलं आहे. रबराखाली साखरेचा चहा गेला की मशीनला वाटतं कोणीतरी बटण धरूनच बसलंय. आणि दुसरं, २ आणि ४ नंबर चांगले आहेत ना? मग त्यांना सोन्यासारखं जपा. सगळी सेटिंग तिथं आहेत.

---

वाडीचा_स्टोअरकीपर | रविवार, सकाळी ८.१५

काका, पाया पडतो. नुसतं बंद-चालू केलं तर मेनू येत नाही. बॅटरी काढली की येतो. २ आणि ४ ठणठणीत.

पण मेनूत फिरू कसा? वर-खाली होतच नाही.

---

स्टोअरवाली_बुटीबोरी | रविवार, सकाळी ११.०२

दादा, हे मी सांगते, कारण काकांसारखे लोक मशीन उघडतात, आणि बटणं आम्ही दाबतो.

या बटणांना दोन-तीन मजले असतात. बटणावर जे छापलंय तो पहिला मजला. वरच्या कोपऱ्यात दुसऱ्या रंगात बारीक छापलंय तो दुसरा, आणि त्यासाठी त्याच रंगाचं फंक्शनचं बटण आधी दाबून सोडायचं. दाबून धरायचं नाही, सोडायचं. बाण बहुतेक तिथंच लपलेले असतात. आमच्याकडं एका मुलानं महिनाभर बाण नाहीत म्हणून नुसते आकडे दाबून काम चालवलं, कारण मेनूच्या ओळीला नंबर असला तर तो नंबर दाबूनही आत जाता येतं. तुमच्या ओळींना नंबर आहेत का पहा.

तिसरा मजला अक्षरांचा. अल्फाचं बटण एकदा दाबलं की पुढची सगळी बटणं अक्षरं देतात, पुन्हा दाबेपर्यंत. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याची बारीक खूण येते, ती डोळ्यात तेल घालून पाहा. अर्धे घोटाळे तिथंच होतात: तुम्हाला वाटतं मी ५ दाबला, मशीनला मिळतं भलतंच अक्षर, आणि ते "चूक" म्हणून कुई करतं. तुमचा ट्रिगर कुई करतो ते वेगळं. मेनूत ट्रिगरला बहुतेक कामच नसतं, तो नकार देतो.

मागं यायला क्लिअर. एंटर म्हणजे "मान्य". हे ध्यानात ठेवा, कारण आपल्याला सवय असते काही समजलं नाही की एंटर मारायची. या मेनूत नुसतं पाहायला आलात तर प्रत्येक पडद्यावरून क्लिअरनंच मागं या.

---

वाडीचा_स्टोअरकीपर | रविवार, दुपारी १२.२०

ताई, सापडले बाण! निळ्या रंगात, ८ आणि २ च्या डोक्यावर. दोन वर्षं झाली, कोणाच्या बापाला दिसले नाहीत.

३ नंबर: मेनूत तारीख-वेळ लावली, मग वरच्या ओळीवरून बूट केलं. आमचा प्रोग्राम आला, आजच्या तारखेची नोंद गेली. शेठला दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं, २०२४ आलं." आता सेल बदलेपर्यंत बॅटरी बदलताना हा कुटाणा दर वेळी करायचा, एवढंच.

१ नंबर राहिलं.

---

मुठेकाठी | रविवार, दुपारी १.४४

पुण्यातून लिहितो आहे, चालवून घ्या. नेटवर्किंग हा माझा व्यवसाय, म्हणून १ नंबरबद्दल.

काहीही टाइप करण्याआधी २ नंबरवर रेडिओचा पडदा उघडा आणि नुसतं वाचा. तिथं चॅनेल आणि एन्क्रिप्शन असे शब्द दिसतात, की हॉप सेट वगैरे? हा फरक मूलभूत आहे. १९९७ च्या मूळ ८०२.११ मानकात रेडिओचे दोन वेगळे प्रकार होते. एक फ्रिक्वेन्सी हॉपिंग, म्हणजे रेडिओ सतत वारंवारता बदलत उड्या मारतो. दुसरा डायरेक्ट सीक्वेन्स. वेग दोन्हींचा १ किंवा २ मेगाबिट. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं, ११ मेगाबिटचं, ते दुसऱ्या प्रकाराच्या वंशातलं. आजचे बरेच राउटर बी-शी बोलू शकतात, हॉपिंगशी कधीच नाही, मग तुम्ही काहीही टाइप करा. तुमचं हॉपिंगचं असेल तर टर्मिनलशी वायरलेसनं बोलणारा भिंतीवरचा जुना डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, देवघरात ठेवा, कारण तो गेला की चारही टर्मिनल गेली.

बी असेल तर पुढचा प्रश्न सुरक्षेचा. इतकं जुनं यंत्र बहुधा डब्ल्यूईपी ही वाय-फायची जुनी सुरक्षा पद्धतच ओळखतं. ती पद्धत २००१ मध्येच फोडली गेली आहे. त्यामुळे हे नेटवर्क ऑफिसच्या वाय-फायपासून वेगळं ठेवा, हिशोबाचे संगणक त्यावर नकोत.

---

संत्र्याची_फोड | रविवार, दुपारी १.५०

दीडच्या पुढं पुणेकर जागा आहे आणि मदत करून राहिला. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

---

मुठेकाठी | रविवार, दुपारी १.५३

रविवारचा नियम वेगळा असतो.

---

वाडीचा_स्टोअरकीपर | रविवार, दुपारी ३.१०

चॅनेल लिहिलंय हो, म्हणजे बी. पण हे काय झालं आता? २ नंबर घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसलो, पडदा वाचत होतो आणि वाचता वाचता स्क्रीन काळी होत गेली. आता नुसता काळा चौकोन. बीप येते, दिसत काही नाही. मी काही दाबलं नाही, आईशप्पथ. सोन्यासारखं जपायला सांगितलेलं मशीन गेलं वाटते.

---

सोल्डरकाका | रविवार, दुपारी ३.१८

शेडमध्ये पारा किती आहे? पत्र्याखाली, मे महिन्यात, दुपारी ३ वाजता?

मशीनला काही झालं नाही. ही जुनी एलसीडी. गरम झाली की तिच्यातला द्रव कमी व्होल्टेजलाच फिरतो, मग जे ठिपके पांढरे राहायला पाहिजेत तेही काळे पडतात. थंडीत उलटं, अक्षरं फिकी होतात. काँट्रास्ट कमी करा, फंक्शनच्या मजल्यावर अर्ध्या गोल सूर्यासारखं चिन्ह असेल. किंवा कूलरसमोर १५ मिनिटं ठेवा आणि तुम्हीही बसा.

नागपुरात दर उन्हाळ्यात माझ्याकडं "स्क्रीन जळाली" म्हणून मशीन यायची. दोन बटणं दाबून परत द्यायचो. पैसे घेत नव्हतो. बरं, कधी कधी घेत होतो.

---

वाडीचा_स्टोअरकीपर | रविवार, दुपारी ३.४१

कूलरनं झालं. हुश्श. वहीत सगळे पडदे उतरवले. एक अडचण: एन्क्रिप्शन की, म्हणजे नेटवर्कचा पासवर्ड, जिथं पाहिजे तिथं नुसते तारे दिसतात. ती कुठून आणू?

---

मुठेकाठी | रविवार, दुपारी ४.०५

ती टर्मिनल दाखवणार नाही. ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये पाहा किंवा ज्यानं बसवला त्याच्या कागदात. १० किंवा २६ खुणांची असेल: ० ते ९ आकडे आणि इंग्रजीची पहिली ६ अक्षरं, बाकी काही नाही. हाताने लिहिलेल्या कागदावर गोल दिसला तर तो शून्यच. ओ हे अक्षर त्यात असूच शकत नाही. आयसारखी उभी रेघ दिसली तर तो १.

---

वाडीचा_स्टोअरकीपर | सोमवार, सकाळी १०.३३

की सापडली! ॲक्सेस पॉइंटच्या मागं सेलोटेपनं चिकटवलेला कागद होता, पिवळा पडलेला. २६ खुणा. शून्याबद्दल सांगितलं नसतं तर तिथंच मेलो असतो, तीन ठिकाणी गोल काढलेत.

सगळं १ नंबरवर टाकलं. नेटवर्कचं नाव, की, आयपी, सबनेट, सर्व्हरचा पत्ता. सगळं २ नंबरवरून जसंच्या तसं. क्लिअर, बूट, प्रोग्राम. कनेक्टिंग... कनेक्टिंग... कनेक्टिंग. काहीच नाही.

---

स्टोअरवाली_बुटीबोरी | सोमवार, सकाळी १०.५०

नेटवर्कचं नाव ॲक्सेस पॉइंटवर छोट्या अक्षरांत आहे की मोठ्या? माझ्याकडच्या मशीनमध्ये अल्फा दाबलं की सगळं मोठ्या लिपीत येतं. छोट्यासाठी शिफ्ट वेगळं. तुमचं डोकं वाचताना दोन्ही सारखंच वाचतं, रेडिओ नाही. २ नंबरचा पडदा पुन्हा एकेक अक्षर करून वाचा. शेवटी मोकळी जागा सुटली का तेही बघा, कर्सर नावाच्या लगेच पुढं आहे की एक घर सोडून.

आणि दादा, "आयपी जसाच्या तसा" म्हणालात. २ नंबरचाच आयपी १ नंबरला दिला का??

---

मुठेकाठी | सोमवार, सकाळी ११.०६

ताईंनी माझ्या आधी पकडलं. १ नंबरला स्वतःचा वेगळा आयपी हवा. समजा २ नंबर १९२.१६८.१.५२ असेल, तर शेवटचा आकडा बदला, पण ३ आणि ४ नंबरचे आकडे आधी वाचून घ्या. सबनेट, गेटवे आणि सर्व्हर मात्र चौघांचे तेच. राउटर जे पत्ते मोबाइलना आपोआप वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा आकडा घ्या, नाहीतर कोणाचा तरी फोन तो घेऊन बसेल आणि आठवड्यातून एकदा भूत नाचेल.

---

वाडीचा_स्टोअरकीपर | सोमवार, दुपारी १.३०

दोन्ही चुका केल्या होत्या. आधी नाव छोट्या अक्षरांत केलं. तर १ नंबर लागलं आणि त्याच क्षणी २ नंबरवाला पोरगा रॅकमधून ओरडला, "भाऊ, माझं गेलं!" मग माझं गेलं, त्याचं आलं. दहा मिनिटं असा फुगडीचा खेळ चालला. तोवर ताईंच्या मेसेजची शेवटची ओळ वाचली. शेवटचा आकडा ५१ केला. आता चारही चालू. शेठनं तर्री पोहे मागवले.

---

हायटेक_धरमपेठ | सोमवार, दुपारी २.१५

इतका आटापिटा कशाला? नवीन अँड्रॉइडचं हँडहेल्ड घ्या, मेनूबिनू काही नाही, एक बारकोड स्कॅन केला की सगळी सेटिंग आपोआप.

---

सोल्डरकाका | सोमवार, दुपारी ३.००

हाव, ते खरं आहे. झेब्रा कंपनीच्या नवीन यंत्रांत स्टेजनाऊ नावाची सोय आहे. वाय-फायचं नाव, की, सगळं एका छापलेल्या बारकोडमध्ये बसवतात, मशीन तो वाचून स्वतःला लावून घेतं. पण पैसे शेठचे आहेत, तुमचे-माझे नाहीत.

आणि मधली पिढीही होती, विंडोज सीईची. बऱ्याच लोकांच्या हाती अजून तीच आहे, म्हणून सांगून ठेवतो. एमसी९०९० जातीच्या बंदुकीत पॉवर सोबत १ आणि ९ एकदम दाबलं की कोल्ड बूट होतो, म्हणजे रॅम पुसून पहिल्यापासून सुरुवात. लोक "हँग झालं" म्हणून हेच दाबतात, आणि रॅममध्ये टाकलेला प्रोग्राम उडतो. पॉवर ५ सेकंद धरून वॉर्म बूट आधी करावा, दहातली आठ दुखणी तिथंच थांबतात. त्या मशीनमध्ये ॲप्लिकेशन नावाचं फोल्डर फ्लॅशवर असतं, ते कोल्ड बूटमध्ये वाचतं. शहाणा माणूस रजिस्ट्रीच्या आणि कॉपीच्या छोट्या फाइली तिथं ठेवतो. कोल्ड बूट झाला तरी मशीन त्या वाचून पुन्हा उभं राहतं. तुमच्या डॉसवाल्यात ते सुख नाही. तिथं वही.

पुस्तिका शोधताना एक अडचण येते, नावं बदलत गेली. सिम्बॉलनं २००० मध्ये टेल्क्सॉन घेतली, मग २००७ मध्ये सिम्बॉल मोटोरोलाकडं गेली, आणि २०१४ मध्ये तो सगळा धंदा झेब्राकडं आला. इंटरमेक २०१३ पासून हनीवेलची. मशीनवर जे नाव छापलंय त्या नावानं नाही सापडलं तर आजच्या मालकाच्या नावानं शोधा, जुन्या पुस्तिका कित्येकदा तिथं निघतात.

---

स्टोअरवाली_बुटीबोरी | सोमवार, सायंकाळी ५.४०

दादा, मोजणीच्या आधी एक करा. चारही मशीनवर मेनूतली सेल्फ टेस्ट उघडा, त्यात स्कॅनची चाचणी असते. एक बिस्किटाचा पुडा घ्या आणि स्कॅन करा. स्क्रीनवर बारकोडचा प्रकार आणि आकडे येतात. १३ आकडे आले पाहिजेत, सहसा ८९० पासून सुरू होणारे. एखादं मशीन १३ ऐवजी १२ दाखवत असेल तर त्याच्यात पहिला किंवा शेवटचा आकडा गाळायची सेटिंग लागलेली आहे, आणि सर्व्हरला तो माल सापडणार नाही. इनिशियलाइझ झालेल्या मशीनवर हे नक्की पाहायचं, कारण तिथं स्कॅनरची सेटिंगही कारखान्यातून आली तशी झालेली असतात.

---

संत्र्याची_फोड | सोमवार, सायंकाळी ६.०५

८९० म्हणजे भारतात बनलेला माल ना?

---

मुठेकाठी | सोमवार, सायंकाळी ६.२०

नाही, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ८९० म्हणजे तो क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून मिळालेला आहे, इतकंच. कंपनीनं माल कुठंही बनवलेला असू शकतो.

शेवटचा, तेरावा आकडा हिशोबाचा असतो. डावीकडून पहिल्या बारांतले विषम जागांवरचे आकडे जसेच्या तसे, सम जागांवरचे तिप्पट, सगळ्यांची बेरीज. ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जितके लागतील तो तेरावा. ८९०१२३४५६७८९ घ्या: २८ अधिक १०२, म्हणजे १३०. आधीच दहाची पट, म्हणून तेरावा ०. सगळे आकडे ओळीने येऊनही नंबर बरोबर निघतो याचा मला उगीचच आनंद होतो.

---

वाडीचा_स्टोअरकीपर | मंगळवार, सकाळी ९.५०

बाप्पा, ताई! १ नंबर १२ च दाखवून राहिलं होतं. शेवटचा आकडा पाठवतच नव्हतं. सर्व्हरवर "आयटम सापडला नाही" अशा दीडशे ओळी आल्या असत्या रविवारी, आणि मी पोरांवर ओरडलो असतो. स्कॅनरच्या पडद्यावर चेक डिजिट (तोच तेरावा आकडा) पाठवा, याला "हो" केलं. आता १३.

आमच्या स्वतःच्या रॅकच्या चिठ्ठ्या कोड ३९ या बारकोडच्या दुसऱ्या प्रकारात आहेत, त्या चारही मशीनवर वाचल्या.

काका, आता ३ नंबरच्या सेलचं सांगा. उघडलं, आत पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले ३ चपटे गोल सेल दिसून राहिले, एकावर एक, दोन तारा. बर्डीच्या बाजारात एकानं सांगितलं, घड्याळातला लिथियमचा टाका, जास्त टिकते.

---

सोल्डरकाका | मंगळवार, सकाळी १०.१०

नका टाकू. टाकूच नका.

एकावर एक तीन सेल, म्हणजे १.२ व्होल्टचे तीन, ३.६ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक दिसून राहिला. पॅकवर काय छापलंय ते वाचून खात्री करा. हा पॅक चार्ज होणारा आहे. मोठी बॅटरी लागली की मशीन त्याला हळूहळू चार्ज करत राहतं. घड्याळातला लिथियम सेल चार्ज करायचा नसतो. तिथं लावला तर मशीन त्याच्यात करंट ढकलत राहील, सेल फुगेल, गळेल, फुटेलही. तुमचं बोर्डही जाईल आणि ज्या पोराच्या हातात असेल त्याचा हातही.

तशाच जातीचा, तितक्याच व्होल्टचा पॅक घ्या. जुन्याचा आकार मोजून न्या. टॅब (जोडायची पत्र्याची पट्टी) लावलेला मिळाला तर घ्या, सेलच्या पत्र्यावर सरळ सोल्डरचा डाग लावू नका, उष्णतेनं आतून मरतो. लाल-काळी तार उलटी होऊ देऊ नका. जुना गळला असेल तर बोर्डावर पांढरट-हिरवी बुरशी दिसेल, ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं काढा.

बसवल्यावर पहिल्यांदा मेनू येणारच, घाबरू नका. तारीख लावा, बूट करा, आणि क्रेडलवर, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडवर, रात्रभर ठेवा. नवा सेल रिकामा असतो. सकाळी बॅटरी काढून मनात ६० मोजा, परत लावा. मेनू नाही आला म्हणजे जमलं.

---

वाडीचा_स्टोअरकीपर | गुरुवार, सकाळी ८.४५

काल संध्याकाळी बसवला. पॅक शेवटी एका कॉर्डलेस फोनवाल्याकडं मिळाला. रात्रभर क्रेडलवर. आत्ता बॅटरी काढली, ६० मोजले. खरं सांगतो, ४० नंतर माझीच छाती धडधडायला लागली. लावली. थेट आमचा प्रोग्राम. तारीख आजची.

चारही मशीनचे पडदे वहीत लिहून ठेवले, प्रत्येक मशीनच्या मागं त्याचा आयपी मार्करनं लिहिला. २६ खुणांचा कागद नवा करून कपाटात ठेवला, शून्यांवर आडवी रेघ मारून. ज्या पोरानं इनिशियलाइझ केलं होतं त्यालाच वही लिहायला बसवलं होतं, अक्षर चांगलं आहे त्याचं.

---

स्टोअरवाली_बुटीबोरी | गुरुवार, सकाळी ९.२०

त्याला रागावू नका हो. निदान त्यानं दाबून पाहिलं. आमच्याकडचे तर मशीन चालू झालं नाही की रॅकवर ठेवून जेवायला जातात.

---

वाडीचा_स्टोअरकीपर | रविवार, रात्री ८.५५

मोजणी झाली. चारही मशीन दिवसभर चालली. दुपारी १ ते ४ शेडमध्ये दोनदा स्क्रीन काळी झाली, पोरांनीच काँट्रास्ट फिरवला, मला हाकही मारली नाही. क्लच प्लेटच्या एका रॅकमध्ये ११ नग जास्त निघाले, ते कुठून आले ते शेठ उद्या पाहणार.

फक्त एक, क्रेडलच्या ४ खाचांपैकी शेवटच्या खाचेचा दिवा लाल-हिरवा लाल-हिरवा करून राहिला. कोणतंही मशीन ठेवलं तरी तसंच. काय असेल काका?

---

सोल्डरकाका | रविवार, रात्री ९.१५

पिना घासून पाहा पेन्सिलच्या खोडरबरानं. नाही जमलं तर नवा धागा काढा, हा लय लांबला.